बॉनेटखालची धग

हे मी लिहावं की नाही, याचा विचार बरेच दिवस करतो आहे. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही कुणी बोट ठेवून जागा दाखवली तर. माझ्या आधी घरातल्या कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नाही. त्यामुळे स्वतःच्या आयुष्याबद्दल काही पानं लिहायची आणि ती लोकांनी वाचावीत अशी अपेक्षा धरायची, हे मला जरा आगाऊपणाचं वाटतं. त्यात विषय काय, तर एका जुन्या जीपचं इंजिन तापायचं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. यंत्राबद्दल लिहिताना कुठे चुकलो तर तेही माफ करावं. यंत्राबद्दल छातीठोकपणे बोलायची माझी सवय गेली आहे.

एकेकाळी ती सवय होती. बारावीनंतर मला मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मधे जे घडलं ते थोडक्यात असं, की वडिलांच्या जीपचं इंजिन माझ्यामुळे जळालं. निदान तीन वर्षं मी तसंच समजून चाललो. त्याच कारणानं मी मेकॅनिकल सोडलं, आणि पुन्हा कुठल्याही इंजिनाला हात लावला नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. हिंगोली ते कनेरगाव नाका या रस्त्यावर त्यांची काळीपिवळी जीप चालायची. आमचं गाव त्याच रस्त्यापासून थोडं आत आहे. आबांची शाळा चौथीतच सुटली, पण जीपच्या आवाजावरून तिला काय होतंय ते त्यांना कळायचं. अठरा वर्षं त्यांनी तीच गाडी चालवली. घरात कुणाला ताप आला तर माय कपाळाला हात लावून बघायची, आणि आबा रोज सकाळी बॉनेटला तसाच हात लावायचे.

उन्हाळ्यात मात्र त्या बॉनेटला हात लावायची सोय नव्हती. एप्रिल लागला की आमच्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. जीप भरून निघाली, की पायाशी असलेला पत्रा इतका तापायचा की आबांच्या चपलेचा तळवा एका बाजूनं वाकला होता. समोर बसलेली माणसं पाय वर घेऊन बसायची. कनेरगावला पोचून बॉनेट उघडलं की आतून जी धग यायची ती तोंडावर थापट मारल्यासारखी यायची. एकदा एक म्हातारी म्हणाली, "ड्रायव्हर, भाकरी भाजायची असंल तर पीठ घेऊन येते."

डिप्लोमाच्या परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी होती, तेव्हा मी घरी आलो. अंगणात जीप उभी होती. तिच्या तोंडाला, म्हणजे पुढच्या जाळीवर, काहीतरी तपकिरी बांधलेलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर कूलरला लावतात ती वाळ्याची ताटी. मागच्या वर्षीची, काळी पडलेली, सुतळीनं आवळून बांधलेली. तिच्यातून पाणी टपकत होतं.

"आबा, हे काय आहे?"

"कूलर." आबांनी अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. "घरात वाऱ्याला गार करते का न्हाई ताटी? मंग इंजिनाला काहून न्हाई करणार? निघताना भिजवतो. नाक्यावर पुन्हा भिजवतो."

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. खरं सांगायचं तर विचार अगदीच चुकीचा नव्हता. ओल्या ताटीतून आलेली हवा गारच असते. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की घरच्या कूलरमध्ये पंप सतत पाणी सोडत असतो. इथं पंप कुठे आहे? चार-पाच किलोमीटरमध्ये ताटी वाळून खडखडीत होते. त्यानंतर ती गार करत नाही, गाडीचं नाक दाबून धरते. इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरला हवाच मिळत नाही.

"तुमी पळताना तोंडावर ओला रुमाल बांधला तर बरं वाटंल," मी म्हणालो, "पण तो वाळला अन् घट्ट बसला, तर जीव घाबरंल का नाही?"

आबा ताटीकडे बघत राहिले. "असं पुस्तकात हाय व्हय?"

"आहे."

पुस्तकात रुमाल नव्हता. पण त्यांना पुस्तकात आहे म्हटलं की बरं वाटायचं. त्यांनी स्वतः सुतळी सोडली. ती ताटी मी मोडून उकिरड्यावर टाकली. ते बघत होते.

पुढचे आठ दिवस मी जितका आनंदात होतो तितका नंतर आयुष्यात कधी नव्हतो. सकाळी अभ्यास, आणि आबांची फेरी आटोपली की दोघं मिळून गाडीचं काम. हातावर ग्रीस आणि वहीवर ग्रीसचे ठसे.

आधी आम्ही हिंगोलीला उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे आबांचे पहिल्यापासूनचे मेकॅनिक. रेडिएटरमागच्या पंख्याभोवती प्लास्टिकचं एक कडं असतं. ते असलं की पंखा समोरची हवा रेडिएटरमधून ओढतो. ते नसलं की तो बॉनेटखालची तापलेली हवाच गोल गोल फिरवत बसतो. आमच्या जीपचं कडं केव्हातरी काम करताना अडचण होते म्हणून उस्तादांनी काढलं होतं आणि परत बसवलंच नव्हतं. ते सापडलं त्यांच्या गॅरेजच्या मागे, मोगऱ्याच्या रोपाभोवती. शेळीनं रोप खाऊ नये म्हणून लावलेलं.

"क्या रे इंजिनिअर साब," उस्ताद हसत म्हणाले, "मेरे मोगरे को उघडा कर दिया!"

"उस्ताद, थर्मोस्टॅट पण बसवायचा आहे," मी चाचरत म्हणालो. इंजिन नीट तापलं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे जायला वाट देते अशी ती एक छोटी झडप असते. उस्तादांनी तीही काढून टाकलेली होती. आमच्या भागात सगळ्याच गाड्यांची काढतात.

"आपल्या गरमीत त्याचं काय काम, बेटा?"

मी वही काढली. उस्तादांनी वहीकडे पाहिलं नाही, आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "तो म्हणते तसं करा. त्याच्यासाठीच तर शिकवून राहिलो त्याला." हे वाक्य मी तेव्हा मनात जपून ठेवलं होतं. अजूनही ते तिथंच आहे, पण आता ते काढून बघायला नको वाटतं.

बाकीचं काम घरी झालं. रेडिएटरमधलं बोअरचं पाणी काढलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर चढतो, रेडिएटरमध्येही तोच चढला होता. तो धुऊन काढला आणि कूलंट भरलं. रेडिएटर आणि पुढची जाळी यांच्यामधल्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवल्या. इंजिनातून धूर बाहेर नेणारा लोखंडी नळ लाल होईपर्यंत तापतो आणि तीच धग पायाच्या पत्र्याला लागते. त्याच्यावर मी पत्र्याची दुहेरी ढाल बसवली. दोन पत्र्यांच्या मधे बोटभर जागा, म्हणजे मधून हवा खेळते. पत्रा काढला घरातल्या तेलाच्या डब्याचा.

"त्याच्यात माझी तुरीची डाळ राहाते!" माय ओरडली.

"डाळ पातेल्यात ठेव," आबा म्हणाले. "पोरगं इंजिन करून राहिलं."

सगळ्यात अवघड गेली ती पाटी. जीपच्या पुढच्या जाळीवर आबांनी हौसेनं 'आई-वडिलांचा आशीर्वाद' अशी मोठी पत्र्याची पाटी लावली होती. अर्धी जाळी तिनंच झाकलेली. मी ती काढून काचेच्या वर, टपाला लावू म्हटलं.

"आईबापाचा आशीर्वाद काढून राहिला का रे?"

"काढत नाही आबा, वर नेतो. खाली तो हवा अडवतोय."

आबा मोठ्यानं हसले. पुढे दोन दिवस ते स्टँडवर प्रत्येकाला तेच सांगत होते. "आमच्या इंजिनिअरचं म्हणणं हाय, आशीर्वादानं इंजिन तापते!"

आठव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर भरल्या गाडीतून भर दुपारी कनेरगावला गेलो. पायाचा पत्रा गरम होता, पण पाय ठेवता येत होता. नाक्यावर बॉनेट उघडलं. धग होती, पण तोंड मागे घ्यावं लागलं नाही. आबांनी त्या तेलाच्या डब्याच्या पत्र्यावरून अलगद हात फिरवला, जसा वासराच्या पाठीवरून फिरवतात.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. तापमानाचा काटा. थर्मोस्टॅट नव्हता तेव्हा सकाळच्या फेरीत काटा अगदी तळाशी राहायचा आणि दुपारी वर पळायचा. आता तो सकाळ असो की दुपार, बरोबर मधोमध येऊन थांबायचा.

"हा खाली काहून जात न्हाई?"

"जायला नकोच आबा. इंजिनाला तेवढी ऊब लागते. मधे राहिला तर भ्यायचं नाही. त्या लाल पट्टीकडे निघाला, तर लगेच गाडी थांबवायची."

"पहिलं तर खाली राहात व्हता."

"पहिलं चुकीचं होतं."

ते काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मी होकार धरला. तेव्हा मी तसाच होतो. कुणी गप्प बसलं की त्याला पटलं असं समजायचो.

मी परीक्षेला गेलो. चौथ्या पेपरच्या आदल्या दिवशी मायचा फोन आला. ती आधी जेवलास का विचारते. त्या दिवशी तिनं ते विचारलं नाही.

"गाडी बसली."

"बसली म्हणजे?"

"इंजिन जाम झालं म्हंते. लग्नाचं वऱ्हाड घेऊन येत व्हते नाक्याहून. मधेच बंद पडली. धूरच धूर निघला म्हंते." आणि मग, "तू पेपर दे तुझा. ये मंग."

मी पेपर दिला. काय लिहिलं ते आठवत नाही. त्यात उष्णतेच्या वहनावर एक प्रश्न होता, एवढं आठवतं. मी तो सोडवला आणि सोडवताना मला भीती वाटत होती.

गॅरेजवर पोचलो तेव्हा इंजिन उघडलेलं होतं. वरचा भाग, हेड, गोणपाटावर ठेवलेला. त्याला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तडा गेला होता. पिस्टन आत चिकटून बसले होते. माझा पत्रा, तेलाच्या डब्याचा, एका बाजूला पडलेला. त्याच्यावरचं तेलाच्या कंपनीचं सूर्यफूल अजून दिसत होतं. आबा स्टुलावर बसलेले. स्टँडवरचे दोन ड्रायव्हरही होते.

"या, या, इंजिनिअर साहेब," एक म्हणाला. "बघा तुमची कारागिरी."

"जीपला वाचता येत न्हाई ना," दुसरा म्हणाला, "पुस्तक कसं कळंल तिला?"

मी आबांकडे बघितलं. ते काहीतरी म्हणतील असं वाटलं. आशीर्वादाचा विनोद सगळ्या स्टँडला सांगणारा माणूस. ते बोलले, पण माझ्याशी नाही. त्या दोघांकडे बघून बोलले.

"काटा वर चालला व्हता. म्या म्हणलं थांबावं का. मंग याचं बोलणं आठवलं. हाच म्हणला व्हता, भ्यायचं न्हाई."

"आबा, मधे असेल तर म्हणालो होतो. लालकडे गेला तर थांबायचं म्हणालो होतो."

"म्या कुठं तुझ्यासारखा शिकेल हाव? मला मधे काय अन् लाल काय, काय कळते?"

अठरा वर्षं तो काटा बघून गाडी चालवलेला माणूस हे बोलत होता. ते दोघं ड्रायव्हर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

उस्ताद एवढा वेळ रेडिएटर मांडीवर घेऊन तारेच्या ब्रशनं त्याच्या पापुद्र्यांमधली घाण काढत होते. त्यांनी त्यातून एक बारीक तपकिरी काडी ओढून काढली, दोन बोटांत चुरली आणि तिचा वास घेतला.

"घर का कूलर कैसा चल रहा, बेटा?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. मला वाटलं, पोरगं रडायला आलंय म्हणून ते विषय बदलत आहेत. "चांगला आहे," मी म्हणालो.

"उस्ताद, ते जाऊ द्या," आबा म्हणाले. "हेडचं काय ते सांगा."

उस्तादांनी आबांकडे पाहिलं. मग काडी डिझेलच्या घमेल्यात टाकली आणि पुन्हा ब्रश मारायला लागले.

घरी गेलो तर उकाडा मरणाचा होता. आमच्या कूलरला मागे आणि दोन बाजूंना अशा तीन ताट्या. त्यातल्या दोन बाजूंच्या नव्हत्याच. पंखा नुसती बाहेरची गरम हवा आत फेकत होता. मागची एक ताटी तेवढी होती. मायनं तिच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंध्या करून ती कूलरच्या चौकटीला बांधली होती, कारण तारा गंजून तुटलेल्या. बाकीच्या दोनही तिनं तशाच बांधल्या होत्या, हे मी सुट्टीत पाहिलं होतं.

"ताट्या कुठे गेल्या?"

"उंदरानं कुरतडल्या," माय म्हणाली. तिचं तोंड चुलीकडे होतं. "फेकून देल्या. आणू नव्या."

त्या उन्हाळ्यात नव्या आल्या नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. ज्यानं बापाचं इंजिन जाळलं त्यानं गार हवा कशाला मागायची, असं मला वाटायचं. मी त्या उघड्या कूलरसमोर बसून घाम पुसायचो आणि सगळं पुन्हा तपासायचो. पत्र्याच्या ढालीनं आतली हवा अडली असेल का? रबराच्या पट्ट्या चुकीच्या ठिकाणी लागल्या का? कूलंटमध्ये पाणी कमी पडलं का? थर्मोस्टॅट अडकला का? हा शेवटचा संशय सगळ्यात वाईट होता, कारण तो बसवायचा हट्ट माझा होता. मी उस्तादांना विचारायला गेलो. त्यांनी तो उकळत्या पाण्यात टाकून दाखवला. तो उघडला. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा उघडला.

"तो चंगा हाय, बेटा," उस्ताद म्हणाले. "तू बी चंगा हाय." एवढंच म्हणाले आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली शिरले.

पण तो चांगला असून इंजिन गेलं, याचा अर्थ मी असा लावला की पुस्तकातच कुठेतरी दगा आहे. ज्या पुस्तकावर आमच्या घरात कुणाचा हात पडला नव्हता, त्याच्यावर मी आंधळेपणानं भरवसा ठेवला, आणि त्यानं मला भर रस्त्यात सोडून दिलं. तेव्हा माझा राग खरोखर पुस्तकावरच होता. वाचायला विचित्र वाटेल. पण राग करायला मला दुसरं कुणी दिसत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला. मी पास होतो. उष्णतेच्या विषयात सगळ्यात जास्त मार्क होते. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही.

जून संपत आला तेव्हा एका संध्याकाळी मी म्हणालो, "आबा, मी मेकॅनिकल सोडतो. हिंगोलीला बी.ए.ला नाव घालतो."

आबा बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. एक फोडली, दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली. दुसरी फोडली.

"मला ते जमत नाही," मी म्हणालो. "माझ्या हातून पुन्हा कुणाचं नुकसान होईल."

मी हे बोललो तेव्हा माझ्या मनात एकच आशा होती, की ते म्हणतील, येड्या, सोडू नको. मी सोडायला तयार झालो होतो, पण अडवलं जायलाही तयार होतो. एका शब्दानं थांबलो असतो.

"तुझ्या मनाला यील तसं कर," आबा म्हणाले.

मायनं त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती उठून आत गेली, आणि आतून भांडी उगाच घासल्याचा आवाज येत राहिला.

जीप भंगारात गेली. टपावरची आशीर्वादाची पाटी तेवढी आबांनी काढून घेतली. ती गोठ्याच्या दाराला लावली आहे. आबा आता एका शाळेची व्हॅन चालवतात. व्हॅन दुसऱ्याची, तिला हात लावून बघायची त्यांना गरज नसते. माझ्याशी ते नीट बोलतात. जरा जास्तच नीट बोलतात. मी घरी गेलो की स्वतः उठून कूलर लावतात. मी याला माया समजत होतो.

मीही बी.ए.त रुळलो. वाईट काही नव्हतं. फक्त कुठल्याही गाडीत बसलो की माझी नजर ड्रायव्हरच्या काट्यावर जायची. एसटीत, ऑटोत, कुणाच्या लग्नाच्या गाडीत. काटा मधे असला की मला छातीत कुणीतरी बोट टोचल्यासारखं व्हायचं. मित्रांनी आपल्या मोटारसायकलचं काही विचारलं तर मी म्हणायचो, मला त्यातलं कळत नाही. असं म्हणता म्हणता ते खरंही होत गेलं.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मला रस्त्यालगतच्या छोट्या धंद्यांची माहिती गोळा करायची होती. मी कनेरगाव नाक्यावर गेलो. तीन वर्षांत मी आमच्या गावाच्या पुढे तिकडे गेलो नव्हतो. एका चहाच्या ढाब्यावर पन्नाशीच्या एक काकू बसल्या होत्या. समोर पाण्याची सिमेंटची टाकी, बाकावर सरबताच्या बरण्या. मी प्रश्नांचा कागद काढला. काकूंनी कागदाकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तू त्या काळ्यापिवळ्यावाल्याचं लेकरू न्हवं? नाक तेच हाय."

मी हो म्हणालो.

"अगं बाई! बस, बस." त्यांनी चहा टाकला. "लई वल्ली माणूस तुझा बाप. कूलर लावून फिरायचा गाडीला!" आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

मलाही हसू आलं. "हो, मीच काढायला लावला तो. मोडून टाकला."

"कवा?"

"परीक्षेच्या आधी. एप्रिलमध्ये."

"न्हाई रे बाबा. मे महिन्यात रोज लावायचा." काकूंनी बोटानं टाकी दाखवली. "ह्याच टाकीत भिजवायचा. म्या म्हणायची, भाऊ, पोरानं एवढी गाडी दुरुस्त करून देली, आता काहून लावता? तर म्हणायचा, काटा खाली यीना वो ताई, मला भेव वाटते. पोराला बोलू नका, त्याला वाईट वाटंल."

चहा उकळून वर आला. काकूंनी गॅस बारीक केला.

"अन् हिंगोली जवळ आली की काढून सीटखाली टाकायचा म्हणे. स्टँडवरचे लोक हसतील, पोराची इज्जत जाईल म्हणे. दोन ताट्या व्हत्या. एक बांधायची, एक माझ्या टाकीत भिजत ठेवायची. आलं की बदलायची."

मी विचारलं. "लग्नाचं वऱ्हाड होतं त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी त लावूनच गेला ना. माझ्यासमोर बांधली. गाडीत माणसं कोंबलेली, ऊन असं. म्या म्हणलं, वाळंल हो लवकर. म्हणला, पोचतो तवर." काकूंनी चहा गाळला, माझ्यापुढे ठेवला. "मंग ऐकलं गाडी जळाली म्हणून. दुसरी ताटी माझ्या टाकीतच राहिली. न्यायला आलाच न्हाई. महिनाभरानं वास मारायला लागली तवा फेकली म्या. चिंध्या तेवढ्या सोडून घेतल्या. कापड चांगलं व्हतं."

त्यांनी हात लांब करून सरबताची एक बरणी माझ्यापुढे सरकवली. तिच्या तोंडावर फडकं होतं, आणि ते माझ्या मायच्या निळ्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं होतं.